तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बसून कसला आलाय ताण?

लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, गंगापूर रोडला भाजी घेताना, सगळीकडे हेच. “घरूनच तर काम करतेस, नाशिकची हवा, वर एवढा पगार. मग दमतेस कशाने?”

मी सॉफ्टवेअर सिस्टीम सांभाळते. कामाने नाही दमत. वाट बघून दमते. ऑन-कॉल असलं, म्हणजे सिस्टीम बिघडली तर लगेच धावून जायची पाळी माझी असली, की फोन वाजला नाही तरी तो वाजेल म्हणून अर्धी झोप जागी राहते. काम अमेरिकेतलं, आणि तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. बिघाडाची सूचना देणारे बरेचसे अलर्ट आपोआप निवळतात, पण तोवर छातीत धडधड होऊन गेलेली असते.

एकदा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या ऑफिसला निघाले होते. इगतपुरी सुटली आणि अलर्ट आला: पेमेंट होत नाहीत. लॅपटॉप उघडला, मोबाइलचं नेट जोडलं, तेवढ्यात कसारा घाटातले बोगदे. रेंज यायची, ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा व्हीपीएन जोडला जायचा, की पुन्हा अंधार. अखेर स्क्रीनभर लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, आले आणि मला ते वाचताच येईनात. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. सिस्टीम आधीच्या स्थितीला नेणारी, रोजच्या वापरातली रोलबॅकची कमांड आठवेना. बोटं बधिर, श्वास अपुरा. समोरच्या पासवाल्या मावशींनी काही न विचारता लॅपटॉप मिटला आणि म्हणाल्या, “आधी पाणी पी.” कल्याणच्या आधी कळलं, सहकाऱ्याने केव्हाच सावरलं होतं. हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची लक्षणं मांडली: गळून जाणं, कामातून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणून “प्राणायाम कर”, “सोमेश्वरला फिरून ये” ऐकलं की चिडते मी. दोन्ही करते, बरंही वाटतं. एका रात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून मनसोक्त बोललेही. पण ऑन-कॉलला आळीपाळीने दोनच माणसं असतील, तर श्वासाच्या व्यायामाने तिसरं येत नाही.

पंचविशीतली मी म्हणाली असती, सोड की मग नोकरी. तिला गृहकर्ज नव्हतं. शिवाय हे काम मला आवडतं, अजूनही. बंद पडलेली सिस्टीम पुन्हा चालू झाली की होणारा आनंद खोटा नाही. मग हा त्रास मीच ओढवून घेते का? कधी वाटतं हो, कधी त्या विचाराचाच राग येतो.

तिसरं माणूस मागितलंय. “पुढच्या तिमाहीत बघू,” असं उत्तर आलंय. माझा ऑन-कॉलचा आठवडा शुक्रवारपासून. तेव्हा हळदीकुंकवाला आले नाही तर राग धरू नका, आणि आले तर फोन हातात का, हे विचारू नका.