कुडलला जायचं असेल तर हे आधी वाचा

सोलापूर स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्यानं मला सहा हजार सांगितले, वर ड्रायव्हरचा मुक्काम वेगळा. मी भडकलो, चाळीसेक किलोमीटरला सहा हजार? तोही भडकला. पाच मिनिटं आम्ही एकमेकांना लुटारू आणि चिकट ठरवत होतो, मग उलगडा झाला. मी ‘कुडल संगम’ म्हणालो होतो. त्यानं ऐकलं कूडलसंगम, म्हणजे विजापूरच्याही पुढचं, बागलकोट जिल्ह्यातलं, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचं बसवेश्वरांचं ठिकाण. मला जायचं होतं दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर, तिथल्या देवळातला हजार वर्षांपूर्वीचा मराठी शिलालेख बघायला. कन्नडमध्ये ‘कूडल’ म्हणजेच संगम, त्यामुळे जिथं दोन नद्या भेटतात तिथं हा शब्द भेटणारच. फोनवरच्या नकाशानं तर मला आदल्या रात्री थेट सिंधुदुर्गातल्या कुडाळला धाडलं होतं. तेव्हा पहिली सूचना: कोणालाही विचारताना ‘हत्तरसंग’ म्हणा. नुसतं कुडल म्हणू नका, संगम तर अजिबात म्हणू नका.

गैरसमज मिटल्यावर त्याच माणसानं हत्तरसंगचे अठ्ठावीसशे सांगितले. तेही जास्तच आहेत, पण संध्याकाळी परत आल्यावर मला ते रास्त वाटू लागले होते.

मी सातारकडे मराठी शिकवतो. यादवकाळ आणि संतसाहित्य वर्गात पंधरा वर्षं सांगतोय, पण ज्या दगडांच्या जोरावर सांगतो ते बघितले नव्हते. एका व्याख्यानात ऐकलं की कुडल, मंगळवेढा आणि पंढरपूर सोलापुरातून एका दिवसात ‘आरामात’ होतं, रस्ता देवळाच्या दारापर्यंत डांबरी आहे, आणि शिलालेख समोरच दिसतो. त्या वक्त्यांचं मी काही वाकडं केलेलं नाही. त्यांची गाडी बहुधा फेब्रुवारीत गेली असावी, आणि ती चालवत दुसरं कोणीतरी असावं.

पहिला दिवस सोलापुरातच गेला. सिद्धेश्वर तलाव, देऊळ, भुईकोट किल्ला, किल्ल्यातले कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवळाचे अवशेष. छान झालं, कुठं काही बिघडलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही फार नाही. एवढंच लक्षात ठेवा की सोलापूरचं ग्रामदैवत असलेले सिद्धराम हे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, म्हणजे ‘वचनं’ या छोट्या भक्तिरचना करणारे, आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांच्या वचनांची मुद्रा, म्हणजे रचनेत येणारी सहीच. मराठी मुलखात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला ज्याचे नंदीध्वज निघतात तो देव-कवी कन्नडमध्ये बोलायचा, हे डोक्यात ठेवून पुढचं बघा. आणि गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, अभ्यासासाठी येऊ नका. लॉजचे दर ऐकूनच अभ्यास संपेल.

आता कुडल.

शनिवारी सकाळी आतेभावाच्या स्कूटरवर निघालो. तो सोलापूरचाच, म्हणाला, “दादा, गाडी कशाला करालाव, मी हाय की.” नोव्हेंबर संपत आलेला, दोन दिवसांपूर्वी अवकाळी पडून गेलेला. विजापूर रस्ता उत्तम आहे, मंद्रूप कधी मागं पडलं कळलं नाही. महामार्ग सोडला आणि व्याख्यान संपलं.

उसाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, काठोकाठ भरलेल्या. त्यांच्या चाकांनी रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या, मध्ये उंच कणा, आणि कडेला खालची काळी माती वर आलेली. सोलापूरची काळी माती ओली असताना माती राहत नाही, डिंक होते. चारेक किलोमीटरचा हा तुकडा. त्यात स्कूटरचं पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा ठासला की चाक फिरेनाच. ढकलली तर घसरत पुढे जायची, चाक न फिरता, लहान मुलानं ओढलेल्या पाटासारखी. काठीनं खरवडायचं, वीस पावलं जायचं, पुन्हा खरवडायचं. एका ऊसतोड करणाऱ्या मामांनी उसाचं कांडं हातात दिलं: “ह्येनं काढा मास्तर, काठी मोडतीया.” मला ‘ऊस डोंगा परि रस नोहे डोंगा’ आठवलं, पण त्या क्षणी चोखोबांशीही बोलायची इच्छा नव्हती.

त्या चार किलोमीटरला पावणेदोन तास लागले. पाऊस पडून गेल्यावर तीन कोरडी उन्हं खाल्ल्याशिवाय दुचाकी नेऊ नका. स्कूटर तर कधीच नको. लहान चाक आणि खाली आलेलं मडगार्ड, हा काळ्या मातीसाठी रचलेला सापळाच आहे. मोटरसायकल असेल तर पुढचं मडगार्ड घरीच उतरवून ठेवा, चिखल अंगावर आला तरी पोचाल. चारचाकीवाल्यांनी समोरून ट्रॉली दिसली की आहे तिथं थांबावं. ट्रॉलीवाला बाजू देत नाही, देऊ शकत नाही.

देवळाशी पोचलो तेव्हा साडेअकरा. इथं दुसरी फसगत. शिलालेख ‘समोरच दिसतो’ हे खरं आहे, पण समोर म्हणजे वर. संगमेश्वराच्या मंडपातल्या तुळईवर तो कोरलाय. बाहेरच्या उन्हातून आत आलं की डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि थोड्या वेळानं दिसतं ते नुसता दगड. मी फोनचा उजेड सरळ मारला आणि अक्षरं पार गुडूप झाली. कोरीव लेखावर समोरून उजेड टाकला की खाचा भरून निघाल्यासारख्या होतात. उजेड बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटून यायला हवा, म्हणजे प्रत्येक खाचेला सावली पडते. म्हणून दोन माणसं लागतात, एक विजेरी आडवी धरायला आणि एक वाचायला. आतेभाऊ खांबाशी हात उंच करून विजेरी धरून उभा राहिला, दर दोन मिनिटांनी “झालं का?” विचारत. तेवढ्यात ओळीच्या शेवटाकडचे शब्द उजेडात आले: वाछि तो विजेया होईवा.

वाचील तो विजयी होईल. चिखलाने बरबटलेले दोन विजयी वीर तिथं उभे होते.

लेखात काळ दिलाय शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी जिल्ह्यात गावोगाव हिंडून जे लेख उजेडात आणले, त्यातला हा सगळ्यांत गाजलेला. मराठीतला पहिला लेख कोणता यावर भांडणं आहेत. आमच्या पिढीला श्रवणबेळगोळचं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ पाठ करायला लावलं, अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा शक कसा वाचायचा यावर मतभेद आहेत. पण कुडलच्या या लेखात शक आहे आणि धडधडीत मराठी क्रियापदही आहे. गावाचं नाव कन्नड, आसपासच्या गावांतले कितीतरी जुने लेख हळेकन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, आणि त्यात हे एक मराठी वाक्य, ते दुसरं काही न सांगता वाचणाऱ्याला आशीर्वाद देतं. राजाच्या पराक्रमाला नाही, दान देणाऱ्याला नाही, वाचणाऱ्याला! मान अवघडली होती, पाय चिखलात होते, आणि मला हसू आवरेना. ‘कानडा वो विठ्ठलु कर्नाटकु’ हे पंधरा वर्षं शिकवताना मी ‘कानडा’चा अर्थ अनाकलनीय असा सांगून पुढे सरकत आलोय. यापुढे तसं सरकता येणार नाही.

जाणाऱ्यांसाठी: बॅटरीची वेगळी विजेरी न्या, फोनवर विसंबू नका. छोटी दुर्बीण असेल तर न्या, तुळईखाली मान वर करून वाचणं दहा मिनिटांचं काम नाही, निदान तास द्या. आणि अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद, पाणी, काहीही लावू नका. पूर्वी मोठ्या लोकांनी लावलं म्हणून तुम्ही लावू नका. ठसा घ्यायचा असेल तर रीतसर परवानगी काढूनच. लिपी नागरी आहे, मोडी नाही. मोडी शिकून आलेले लोक इथं उगीच गोंधळतात. यादवकाळातले लेख वाचायचे असतील तर पडिमात्रा आधी सरावानं डोळ्यात बसवा. ‘दे’ची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसते, आधी उभ्या रेघेसारखी येते, आणि नवख्याला सगळीकडे काना दिसतो. बरोबर हळेकन्नड येणारा कोणी मिळाला तर त्याचा खर्च तुम्ही करा. नुसतं मराठी घेऊन सोलापूर जिल्हा वाचता येत नाही, हे माझं स्पष्ट मत झालंय.

बाजूच्या हरिहरेश्वराकडचं ३५९ मुखांचं शिवलिंग बघाच, पण लेखानंतर. आधी ते बघितलंत तर तिथंच वेळ जाईल.

परतीला चिखलाच्या तोंडाशीच स्कूटर पुन्हा जाम. एका पिकअपवाल्यानं ती मागं चढवून महामार्गापर्यंत सोडायचे आठशे घेतले. घासाघीस केली नाही. करायला हवी होती, पाचशेत झालं असतं, पण दुपारचे तीन वाजलेले आणि सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. सोलापुरातून निघताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या. कडक भाकरी पिशवीत दोन दिवस टिकते आणि चिखलानंही तिचं काही बिघडत नाही.

रविवारी एसटीनं मंगळवेढा. पंचावन्न किलोमीटर, बसायला जागा, खिडकीतून ज्वारीच ज्वारी. कल्याणीला जाण्याआधी कलचुरी राजांची राजधानी इथं होती, त्यांचा बिज्जल राजा इथला. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ती इथं, कान्होपात्रा इथली, आणि गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ मध्ये चोखोबा गेले तेही इथंच. एवढ्या गावाला मी पाऊण तास दिला. अंग ठणकत होतं, दामाजीच्या देवळात पायरीवर बसूनच राहिलो. तुम्ही अर्धा दिवस द्या. माझ्या पाऊण तासावरून मंगळवेढ्याबद्दल काही मत करून घेऊ नका.

पंढरपूर तिथून पंचवीसेक किलोमीटर. कार्तिकी उरकली की गर्दी ओसरते, असं ऐकून गेलो. ओसरते, रविवारी नाही. तुम्हाला फक्त लेख बघायचा आहे, असं रांगेत कोणाला सांगू नका, सगळे तुमच्याकडे दया आल्यासारखे बघतात. देवळातला चौऱ्यांशीचा लेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते ७७ या काळातला. देवळाला ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची ही यादी, त्यात रामदेवराव यादव आणि त्याचा करणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाडपंडितही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे ज्ञानदेवांनी लिहायला घेतलं त्याच्या आधीच पंढरीचा कारभार यादवांच्या दरबारापर्यंत पोचलेला. हे पुस्तकात वाचलं होतं. दगडासमोर मात्र मला सलग अर्धी ओळही लागली नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्यावर पाठ घासलीय. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. रांगेत माझ्या पुढच्या आजी सांगत होत्या, त्यांच्या सासूबाई दर वारीला घासायच्या. मी म्हटलं, “आजी, त्यानं अक्षरं पुसली की.” त्या म्हणाल्या, “मग? फेरा बी पुसला असंल.” याला उत्तर नव्हतं.

मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे फोटो काढून घरी सावकाश वाचू हा बेत सोडा. लेखाचं छापील वाचन वहीत उतरवून न्या आणि पुढची माणसं सरकेपर्यंत एखाद-दोन नावं जुळवा. शं. गो. तुळपुळे यांच्या १९६३ च्या कोरीव लेखांच्या संग्रहाची पानं झेरॉक्स करून नेलीत तर उत्तम, मी सातारला विसरलो होतो. चपला-मोबाईल ठेवायला बाहेरच्या एका दुकानदारानं माझ्याकडून साठ रुपये घेतले आणि पुढच्या माणसाकडून वीस. माझ्या खांद्याला विजेरीची पिशवी होती, बाहेरचा दिसलो असणार. आधी दर विचारा, मग चप्पल काढा.

ज्यांना रांगेत उभं राहायचं नाही त्यांनी नामदेव पायरीशी थांबावं. समोर चोखोबांची समाधी आहे, महाद्वाराबाहेर. नामदेवांनी मंगळवेढ्याहून हाडं आणली, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, अशी कथा. आत शिरायला त्यांच्या लोकांना १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मी तिथं बराच वेळ बसलो. उन्हं उतरत होती, येणारा प्रत्येक जण पायरीला हात लावून आत जात होता, समाधीकडे वळणारे त्यातले फार थोडे.

सोलापूरला परतायला बस मिळाली, उभ्यानं. आतेभावाचा फोन आला. मडगार्ड काढून आतली माती मेकॅनिकनं छिन्नीनं काढली, साडेतीनशे झाले, आणि पुढच्या खेपेला बरोबर येशील का या प्रश्नावर तो म्हणाला, “येतो की दादा, पण मे महिन्यात. आणि विजेरी तू धरायची.”