काळ्या मातीत गॉरा

गॉरा हे मूळचे अमेरिकेतील टेक्सास आणि लुइझियाना या राज्यांतले बहुवर्षायू फुलझाड. तेथील वनस्पती जमवणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड लिंडहाइमर यांच्या नावावरून त्याला गॉरा लिंडहाइमेरी म्हटले गेले. 2007 मध्ये त्याचा समावेश ईनोथेरा या प्रजातीत झाला, तरी बागकाम करणाऱ्यांच्या तोंडी जुने नावच राहिले आहे.

जमिनीत खोल जाणाऱ्या सोटमुळामुळे हे झाड पाण्याची ओढ चांगली सोसते, आणि परभणीसारख्या ठिकाणच्या उन्हाळ्याचा विचार करता मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मराठवाड्यात खरी अडचण उन्हाची नसून मातीची आहे. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि साचलेल्या पाण्यात गॉराची मुळे कुजतात. म्हणून जमिनीपेक्षा उंच वाफा करून त्यात मुरूम आणि जाड वाळू भरपूर मिसळावी, किंवा तळाला मोठी भोके असलेली खोल कुंडी घ्यावी. सोटमूळ दुखावले की झाड सहजासहजी सावरत नाही, त्यामुळे जागा आधीच विचारपूर्वक ठरवावी. शेणखत बेताचेच द्यावे, कारण जास्त खतावर फांद्या लुसलुशीत होऊन आडव्या पडतात.

पहाटे उमलणारी चार पाकळ्यांची पांढरी फुले कोमेजताना गुलाबी होतात, आणि वाऱ्यावर डोलणाऱ्या बारीक दांड्यांवर ती फार देखणी दिसतात. बहर ओसरल्यावर झाड निम्मे छाटावे. नवे फुटवे येऊन ते पुन्हा फुलते.