चष्मेवाल्याचा लांबचा भाऊ

आज मॉरिशसमध्ये, माहेबूरजवळच्या ईल-ओ-झेग्रेतवर गेलो होतो. प्रवाळाच्या चुनखडीचं जेमतेम २६ हेक्टरचं बेट. सगळे महाकाय कासवांसोबत फोटो काढण्यात गुंग (मीही काढले, खोटं कशाला बोला). तेवढ्यात झुडपात काहीतरी हिरवट हललं. डोळ्याभोवती पांढरं कडं. अरे, हा तर आपल्या परसातला चष्मेवाला पक्षी! पण चोच लांब, बाकदार, फुलातला मधुरस प्यायला घडवलेली. गाइड कुजबुजला, "ऑलिव्ह व्हाइट-आय." जगात फक्त मॉरिशसमध्येच सापडतो, तोही आता अगदी मोजका. मुख्य बेटावर उंदीर त्याची अंडी-पिल्लं फस्त करतात, म्हणून उंदीर हटवलेल्या या बेटावर काही पक्षी मुद्दाम आणून सोडले. मला दिसला दोन सेकंद. आणि कॅमेऱ्याच्या लेन्सवर झाकण तसंच!