शॉवर पार्टिशनची काच आणि भोकांच्या ड्रॉइंगवर अडलेलं घोडं

बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन बसलं एकदाचं. माप, कटिंग, पॉलिश, बसवणं, सगळं सुरळीत, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते भोकांच्या ड्रॉइंगवर, म्हणजे फिटिंगसाठी काचेत भोकं कुठे पाडायची ते दाखवणाऱ्या कागदावर, आणि अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काच एकदा टफन (तापवून मजबूत) झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासता येत नाही. भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात, त्यामुळे बाहेरचा थर आवळलेला आणि आतला ताणलेला राहतो, त्यात ड्रिल घातलं की अख्ख्या काचेचा चुरा. म्हणजे भोकं, खाचा, पॉलिश सगळं आधीच. त्यामुळे सही केलेलं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय कारखाना काचेला हात लावत नाही, इथपर्यंत मला मान्य आहे.

पण माझं ड्रॉइंग परत आलं. शेरा काय, तर "होल पोझिशन नॉट ओके". बस. कुठलं होल, किती सरकवू, काही नाही. काउंटरवरचे साहेब म्हणाले फिटिंगवाल्याला विचारा. फिटिंगवाला म्हणाला आमच्या कागदावर छापलंय की, २० मिमीचं भोक, कडेपासून ३० मिमी, ८ ते १२ मिमी काचेला चालतं, तुम्ही कारखान्यालाच विचारा. परत काउंटर. तिथल्या फॉर्मवर रकाना आहे "कडेपासून अंतर", आता हे अंतर भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं की भोकाच्या कडेपर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नाही, विचारलं तर म्हणे "सगळ्यांना माहीत असतं". सगळ्यांना म्हणजे नक्की कोणाला? मी पेनाने बाजूला "मध्यापर्यंत" लिहून दिलं तर खाडाखोड चालत नाही, नवीन फॉर्म भरा. भरला. परत तोच शेरा, त्याच अक्षरात.

शेवटी वैतागून आत ड्रिल मशीनपाशीच गेलो. पाण्याची धार चालू, हिऱ्याचा पोकळ बिट आधी खालून अर्ध्यापर्यंत जातो मग दुसरा वरून येतो, म्हणजे आरपार निघताना टवका उडत नाही. मशीनवरच्या दादांनी कागद बघितला, ओलं बोट ३० च्या आकड्यावर टेकवलं आणि म्हणाले, "काच १२ ची ना? मग भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत जाडीच्या दुप्पट पाहिजे, २४. तुमच्या ३० मधून अर्धं भोक गेलं, उरले २०. १० ची घ्या, बसतंय." अर्ध्या मिनिटात विषय संपला! आणि हेच तिकडे काउंटरवर कोणाला सांगता येत नव्हतं. मी १० मिमी केली, त्याच आकड्यांचं ड्रॉइंग लगेच पास.

तर ड्रॉइंग द्यायच्या आधी जाडी आणि भोकाचं हे गणित स्वतः करून बघा. भोकाचा व्यासही जाडीपेक्षा कमी नको, आणि कोपऱ्याजवळ भोक असेल तर अंतर अजून जास्त लागतं, ते वेगळं विचारा. अंतर मध्यापर्यंत की कडेपर्यंत हे ड्रॉइंगवरच टाईप करून टाका, पेनाने नको, कारण वर सांगितलंच.

अरे हो, मापाचं राहिलं. भिंत ओळंब्यात असते असं समजू नका, रुंदी वर, मध्ये, खाली तिन्हीकडे घ्या आणि टाईल लागल्यावरच घ्या. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का तेही बघा. फ्रॉस्टेड काच असेल तर ड्रॉइंग आतून बघून काढलंय की बाहेरून हे लिहा, नाहीतर खरखरीत बाजू भलतीकडे येते. चॅनेलमध्ये (काच धरणाऱ्या पट्टीत) लपणाऱ्या कडेला नुसतं ग्राइंडिंग पुरतं, चकचकीत पॉलिश दिसणाऱ्या कडांनाच सांगा. बसवताना भोकात नायलॉनचा बुश (आतून बसणारी छोटी नळी) घालतायत ना तिथे उभं राहून बघा, धातू थेट काचेला टेकता कामा नये, आमचा फिटर "काही होत नाही" म्हणत होता, मी बुश घालायलाच लावला.

आणि टफनचा शिक्का कुठल्या कोपऱ्यात हवा तेही आधी सांगा. तो नंतर निघत नाही, न सांगता बरोबर डोळ्यांसमोर येतो.