लूसीच्या पायातला जिना: पुठ्ठ्याच्या हत्तीची नोंदवही

८ जून

पुठ्ठ्यातला म्हातारीचा बूट पूर्ण झाला तेव्हाच ठरवलं होतं की पुढची इमारत प्राण्याच्या आकाराची. इमारतींची मॉडेलं करायचा हा नाद मला लावला तोच मुळी मुंबईच्या कमला नेहरू पार्कातल्या खऱ्या बुटाने. शाळेच्या सहलीत आत शिरून वरून डोकं बाहेर काढलं आणि खाली बाई शिट्टी वाजवत उभ्या, तो दिवस. तेव्हापासूनचा नियम एकच: नुसता पुतळा करायचा नाही. आकाराच्या आत शिरता आलं पाहिजे. दार पाहिजे, जिना पाहिजे, आणि जिना चढून गेल्यावर बघायला काहीतरी पाहिजे.

उमेदवार चार होते. हैदराबादचा मासा पहिला बाद. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची ती इमारत, २०१२ ची, पीव्हीएनआर एक्स्प्रेसवेच्या २३५ नंबरच्या खांबापाशी. विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीतून पाहिली तेव्हा ‘अय्या’ निघालंच तोंडातून. पण मासा म्हणजे पोहणारा प्राणी. त्याला जमिनीवर टेकवायचा तर पोटाखाली काहीतरी आधार लावावा लागतो, आणि मग आपलं अर्धं लक्ष त्या आधाराकडेच. बँकॉकचा एलिफंट टॉवर, १९९७ चा, ३२ मजली, १०२ मीटर उंच. तीन टॉवर वरती जोडलेत, मग कान, डोळे, सुळे. माफ करा, पण आमच्या समोरच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगला डोळा लावला तर तीही हत्ती होईल. तो करायचा म्हणजे चौकोनी खोकी चिकटवत बसायचं.

उरलं अमेरिकेतलं बदक आणि अमेरिकेतला हत्ती, लूसी. बदक सोपं, बसलेलं असतं, छातीत दार. म्हणून ते मागे ठेवलं. हत्ती उभा असतो. उभ्या प्राण्याच्या पोटात माणूस जाणार कुठून? तर पायातून. इथेच माझं ठरलं.

१५ जून

ज्यांना लूसी माहीत नाही त्यांच्यासाठी. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, आज ज्याला मार्गेट म्हणतात तिथे, जेम्स लॅफर्टी नावाच्या गृहस्थाने १८८१ साली हा हत्ती उभारला. लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा, ६५ फूट उंच. कशासाठी? प्लॉट विकायला! गिऱ्हाइकाला पायातल्या जिन्याने वर न्यायचं, पाठीवरच्या अंबारीत उभं करायचं आणि हात पसरून दाखवायचं, ती बघा तुमची जागा. आपल्याकडचे बिल्डर सॅम्पल फ्लॅटमध्ये नुसतं गार पाणी देतात.

लॅफर्टीने १८८२ मध्ये प्राण्याच्या आकाराच्या इमारतीचं पेटंटसुद्धा घेतलं. त्यातला माझा आवडता भाग सोंडेचा. सोंड पोकळ, आतून सांडपाणी आणि राख खाली सोडायची, थेट गटारात. हे वाचून आई म्हणाली, ‘शी! सोंडेतून?’ आमच्या घरात सोंड म्हटलं की प्रश्न एकच, उजवी की डावी. लूसीची सरळ खाली जाते, बादलीत.

आणखी एक. लूसी बाईचं नाव, पाठीवर अंबारी, म्हणजे आपल्याच बाजूची हत्तीण. आणि तोंडाला हे लांब सुळे. आपल्या हत्तिणींना बाहेर दिसतील असे सुळे नसतात, हे राणीबागेत गेलेलं पोरही सांगेल. मी सुळे ठेवणार. इमारत जशी आहे तशी.

स्केल १:५०. उंची जवळजवळ ४० सेंटिमीटर, लांबी ३७, रुंदी ११. गोदरेजच्या कपाटावर मावते, मोजून पाहिलं.

२८ जून

फासळ्या कापल्या. १४ आडव्या, २ उभ्या, २ मिमीचा ग्रे बोर्ड, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून. एकमेकींत खाचांनी बसवायच्या, अंड्यांच्या ट्रेसारख्या. पहिल्यांदा कटिंग बाहेर दिलं होतं, लेझरवाल्याकडे. त्याने फाइल ९५ टक्क्यांवर छापली आणि खाचा मात्र पुठ्ठ्याच्या जाडीला पुरेनात. म्हणाला, ‘मॅडम, थोडं घासून घ्या.’ सोळा फासळ्यांच्या खाचा घासण्यापेक्षा हाताने कापणं परवडलं. रविवार त्यातच गेले, अंगठ्याला घट्टा पडला.

६ जुलै

राणीबाग. बुधवारी बंद असते हे दरवेळी विसरते, यंदा लक्षात ठेवून रविवारी गेले. जिवंत हत्तीसाठी नाही, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीसाठी. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना पडला, तुकडे झाले. तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. सांधे अजून दिसतात. मी नेमके तेच बघत उभी होते, कोणी कुठे भेग बुजवली आहे ते. पुठ्ठ्याचा असो की दगडाचा, जोडकाम करणाऱ्याचा हात कळतोच.

पाय बघायचे होते. या हत्तीचे पाय हत्तीचे आहेत, जाड, किंचित कललेले, वजन घेतलेले. लूसीचे पाय खांब आहेत. घरी येऊन फोटो शेजारी ठेवले तेव्हा उमजलं की ते तसेच असायला हवेत. मागच्या पायांत गोल जिने आहेत. गुडघ्याला बाक दिला की जिना मोडला. म्हणजे प्राण्याचा आकार पायापाशी जिन्याला शरण गेलाय आणि पोटापासून वर पुन्हा हत्ती सुरू होतो. मी आधी हौसेने गुडघ्याला गोलाई दिली होती. काढून टाकली.

१३ जुलै

जिना! हे जरा सविस्तर सांगते, कारण तो कसा करतेस असं दोघातिघांनी विचारलं होतं.

पाय १३.४ सेंटिमीटर उंच, आतून ६ सेंटिमीटर व्यासाचा. पायरीची उंची ४ मिमी धरली तर एका पायात ३३ पायऱ्या. पायऱ्या लग्नपत्रिकांच्या कार्डाच्या, तीन थर चिकटवून, पिझ्झाच्या तुकड्यासारख्या कापलेल्या. टोकाला दाभणाने भोक. मधला खांब म्हणजे खराट्याचा हीर, चांगला सरळ बघून निवडलेला (आईने खराट्यातून पाच हीर गेल्याचं अजून ओळखलेलं नाही). एक पायरी ओवायची, एक चकतीचा तुकडा (पायरी आणि चकती मिळून ४ मिमी), मग पुढची पायरी २० अंश फिरवून. १८ पायऱ्यांत एक फेरी पूर्ण. अंश मोजायला शाळेतला कोनमापक हिराखाली चिकटवला. फेव्हिक्विक वापरू नका, सरकवायला वेळच देत नाही. दहाव्या पायरीला माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली. फेव्हिकॉल, आणि पाच पायऱ्या झाल्या की चहा.

दोन्ही जिने झाले. उजव्या पायातला उजवीकडे वळतो, डाव्यातला डावीकडे. साडेतीन सेंटिमीटरचा कागदी माणूस सोडून बघितला, डोकं आपटत नाही.

२१ जुलै

चार दिवस धो धो. शनिवारी झाकण उघडलं तर मागचा डावा पाय सादळलेला. अक्षरशः पापडासारखा. वरची कड ५ मिमी बाहेर गेली आणि जिना आत अडकला, ना वर सरके ना खाली. साठचा पिवळा बल्ब लावून बादलीखाली ठेवला रात्रभर, वाळला, पण वाकडाच वाळला. पाय कापून नवा केला. जिना वाचला, एवढंच.

नवीन पायाला आधी आतून-बाहेरून सँडिंग सीलरचे (लाकडावर पॉलिशआधी देतात ते अस्तर) दोन हात दिले. हे सगळ्या फासळ्यांना पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पावसाळ्यात लालबागमध्ये पुठ्ठा सीलरशिवाय ठेवणारी मी एकटीच शहाणी.

२ ऑगस्ट

वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे तीन थर झाले. मैद्याची खळ. पहिल्या थराच्या दुसऱ्याच दिवशी कानापाशी बारीक बारीक कुरतडलेलं. झुरळं! मैदा त्यांचाही. खालच्या मजल्यावरचे बाइंडर काका जिन्यात भेटले, त्यांना सांगितलं तर हसायला लागले. ‘अगं, खळीत मोरचूद नाही घातलास?’ वहीचे पुठ्ठे आयुष्यभर चिकटवलेला माणूस. चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) शिजतानाच टाकायचं, खळ किंचित निळसर दिसते. भांडं वेगळं ठेवा, हात धुवा, विषारी असतं ते. तेव्हापासून एकही झुरळ फिरकलं नाही.

चाळीत आता सगळे विचारतात, यंदाचं मखर का हे? सुरुवातीला समजावत होते. आता ‘हो’ म्हणते.

१७ ऑगस्ट

पत्रा. एसीवाले वापरतात ती अॅल्युमिनियमची टेप, २ सेंटिमीटरच्या चौकोनांत कापून, खालून वर कौलांसारखी. चमच्याच्या पाठीने दाबली की जोड दिसेनासा होतो, पण सगळे जोड घालवू नका, पत्र्याची इमारत पत्र्याचीच दिसू दे. खऱ्या लूसीचा पत्रा इतका गंजला होता की बदलावा लागला, २०२२ च्या शेवटी ती नव्या पत्र्यानिशी पुन्हा उघडली. त्याआधी १९७० मध्ये पाडायला निघाले होते, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे जमवून तिला उचलून जवळच दुसऱ्या जागी नेली. घारापुरीच्या हत्तीचं आठवून मला हे वाचतानाच धडधडत होतं. ही मात्र सुखरूप पोचली. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर तिच्याहून मोठं भावंड होतं, १८९६ मध्ये जळून खाक.

रंग राखाडी, दोन हात, ॲक्रिलिक. सुळ्यांची टोकं काळी केली. २००६ मध्ये वीज पडून तशी झाली होती, तोच क्षण मला आवडतो. नखं रंगवणं सगळ्यात कंटाळवाणं, त्यावर काही लिहीत नाही.

२४ ऑगस्ट

डोळे म्हणजे खिडक्या. पोटात लोहार चाळीतून आणलेला छोटा एलईडी लावला, खोलीतला दिवा बंद केला. डोळ्यांतून उजेड, मागच्या पायाच्या दारातूनही उजेड, आणि दारातून वाकून बघितलं तर पहिल्या सात-आठ पायऱ्या दिसतात. बाकीच्या पंचवीस तिथे आहेत हे मला माहीत आहे. आई बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, ‘खराट्याचे हीर ना हे?’

आता बदक. लाँग आयलंडच्या एका बदकवाल्याने १९३१ मध्ये बदकं आणि अंडी विकायला बांधलेलं दुकान, तारेच्या जाळीवर सिमेंट. माझ्याकडे १२ सेंटिमीटर उंच होईल. त्याचे डोळे म्हणजे फोर्ड मॉडेल टी गाडीचे मागचे लाल दिवे. त्यासाठी भुलेश्वरला लाल मण्यांची चौकशी केली. सुटे दोन द्यायला दुकानदार तयार नाही, पाव किलो घ्या म्हणाला. घेतले. कोणाला लाल मणी हवे असतील तर सांगा.