आमची वाटचाल : आधी धर, मग घास

आमच्या व्हाइसच्या, म्हणजे घासायची वस्तू घट्ट पकडायच्या साधनाच्या, नव्या कॅटलॉगच्या पहिल्या पानासाठी मुलीने ‘आमची वाटचाल’ दहा ओळींत मागितली. दहा ओळी तर एकट्या त्या पॅटर्नच्या (ओतकामाच्या लाकडी नमुन्यांच्या) भानगडीलाच लागतील. तेव्हा जेवढं होईल तेवढं लिहितोय, कापायचं तिने बघावं.

वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा तयार केला, त्या गावात लोखंडाला हात लावायची भीती कुणाला असणार? कळंब्याच्या आयटीआयमधून 1986 साली फिटर होऊन मी बाहेर पडलो आणि दोन वर्षं दुसऱ्याकडे घासून 1988 मध्ये स्वतःचं शेड घेतलं. बरोबर माझ्याच बॅचचा एक मित्र भागीदार. पॅटर्न, फौंड्री आणि उधारी त्याच्याकडे, मशीन आणि फिटिंग माझ्याकडे. भांडवल म्हणजे एक जुना लेथ, एक ड्रिल आणि वडिलांच्या सात कानशी. त्यातली 12 इंची बास्टर्ड (भरड दातांची) अजून भिंतीवर आहे. दात गेलेत, पण विकणार नाही.

आम्ही 4 इंची बेंच व्हाइस बनवायचो. शिरोलीहून बिडाचं ओतकाम यायचं, आम्ही रंधून, ड्रिल मारून, स्क्रू घालून हिरवा रंग द्यायचो. गॅरेजवाले घ्यायचे. व्हाइस म्हणजे दोन जबडे आणि मधे स्क्रू, यात एवढं काय, असं मलाही वाटायचं.

1991 च्या पावसाळ्यात सावंतवाडीकडचे एक गृहस्थ आंबोलीमार्गे एसटीने आले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेले कारागीर; आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. त्या पट्ट्यात वानर आणि डुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असतात, कुणाची ठासणीची, कुणाची काडतुसाची, आणि बऱ्याचशा आजोबांच्या काळच्या. त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जुनाच भाग भरून घ्यायचा नाहीतर पोलादाच्या तुकड्यातून नवा काढायचा, आणि शेवटचं काम कानशीनेच.

काकांनी पिशवीतून पितळेचा एक सपाट तुकडा काढला. बंदुकीच्या घोड्याचा फर्मा. खरा घोडा नाही. शस्त्र कायदा 1959 चा, त्यात सुटा भागसुद्धा शस्त्रातच मोडतो, त्यामुळे खरी वस्तू त्यांच्या दुकानाबाहेर कधी आली नाही. पुढच्या सत्तावीस वर्षांत आमच्याकडे आले ते फक्त पितळी फर्मे. परवान्याच्या बाबतीत माणूस इतका कडक, की मी गंमतीने सुद्धा कधी “दाखवा तरी” म्हणालो नाही.

तो फर्मा त्यांनी आमच्या नव्याकोऱ्या व्हाइसमध्ये वरच्या कडेला धरला, दांडा आवळला आणि बाजूला झाले. सव्वा इंचाचा तुकडा हळूच मान वर करून वाकडा बसला. परत लावला, परत तेच. मग त्यांनी एक कागद धरला. वर कागद सहज ओढून निघत होता, खाली अडकत होता.

“जबडो उचलता तुमचो,” एवढंच बोलले.

ज्यांनी व्हाइस बनवलाय त्यांना हे समजावायची गरज नाही, पण वापरणारे बरेचजण आयुष्यभर स्वतःच्या हाताला दोष देतात म्हणून लिहितो. पकड वर आणि ओढणारा स्क्रू खाली. सरकत्या जबड्याच्या घसरणीत जरा जरी गाळा (मोकळी फट) असला, तरी आवळताना जबडा मागे कलतो आणि वर उचलतो. मोठ्या जॉबला, म्हणजे पकडलेल्या वस्तूला, ते कळत नाही. नखाएवढ्या जॉबला तेवढंच पुरतं. कानस पुढे गेली की जॉब डुलतो आणि सपाट पृष्ठभाग पोटाला गोल होतो. शिकाऊ पोराला आपण म्हणतो हात हलतोय. हात नव्हे, जबडा हलतोय.

चार महिने घालवले. घसरण लांब केली, बाजूला गिब पट्टी (घसरणीतला गाळा काढणारी पट्टी) आणि तिला दोन सेटिंग स्क्रू दिले. जबडे 2 इंची केले, त्यावरच्या पट्ट्या सुट्या ठेवल्या, म्हणजे खरखरीत पट्टी काढून गुळगुळीत, तांब्याची किंवा फायबरची बसवता येते. एक पट्टी खिळीवर थोडी फिरती ठेवली, कारण घोड्यासारखा भाग एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला पातळ असतो. समांतर जबड्यात तो एकाच बाजूला पकडला जातो. भागीदार म्हणाला, हे खूळ आहे, असले व्हाइस कोण घेणार? पहिल्या वर्षी अकरा गेले. त्यातले तीन काकांच्या ओळखीने.

मी त्यांच्या दुकानी गेलो तेव्हा खरं शिकलो. आयटीआयमध्ये आम्हाला कानस धरायला शिकवलं, जॉब धरायला कुणी शिकवलं नाही. काकांच्या बाकावर व्हाइस एकच, पण भोवतीचा पसारा बघण्यासारखा. खैराच्या लाकडाचा ठोकळा, त्यात वेगवेगळ्या खाचा आणि पातळ भागाच्या कडेने ठोकायच्या बिनडोक्याच्या चुका (बारीक खिळे). भोक असलेल्या भागासाठी जाड पट्टी, तिच्यात त्याच भोकाच्या मापाची खिळी. भाग खिळीवर बसवायचा, दुसरीकडे टेकू द्यायचा, आणि मग पट्टी व्हाइसमध्ये. भागाला जबडा लागतच नाही. घोडा, चाप, खटका, ज्याला ज्याला फिरायचं भोक आहे त्याला हीच पकड. भोक हेच त्या भागाचं खरं मूळ, सगळी मापं तिथून निघतात, मग पकडही तिथूनच.

जुन्या स्क्रूंची डोकी घासायला चिरलेला नट. त्याच आट्याचा नट घ्यायचा, एका बाजूने करवतीने चिरायचा, त्यात स्क्रू फिरवायचा आणि नट व्हाइसमध्ये आवळायचा. आटे शाबूत राहतात. पण जुन्या बंदुकांचे आटे कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत, म्हणून काका टॅपसुद्धा स्वतः बनवायचे. खाऊच्या डब्यात असे चाळीस-पन्नास चिरलेले नट होते, प्रत्येकावर ठिपके. एक ठिपका कुठल्या बंदुकीचा, दोन कुठल्या, ते त्यांनाच ठाऊक.

आणि लाख! सावंतवाडीचं लाखकाम लाकडी खेळण्यांमुळे सगळ्यांना माहीत आहे. काकांनी ती लाख लोखंडाला लावली. लाकडी दांड्याच्या टोकाला लाख गरम करायची, पातळ पत्र्यासारखा भाग त्यात दाबायचा, गार होऊ द्यायचा. आमच्या गुजरीतले (सराफ बाजारातले) सोनारही नक्षी करताना असंच करतात, पण मी ते कधी लोखंडाच्या डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. लाख मऊ व्हायला लागणारी उष्णता पोलादाचं पाणी उतरायच्या कितीतरी खाली असते, त्यामुळे भागाची कडकी जात नाही. काम झालं की परत ऊब द्यायची, राहिलेली लाख स्पिरिटने पुसायची. जोराची कानस मात्र लाखेवर चालत नाही. तिथे स्मूथ (बारीक दातांची) कानस आणि हलका हात.

आता विषय निघालाच आहे तर. तांब्याच्या पट्टीत लोखंडाचा कीस रुततो आणि पुढच्या जॉबला ओरखडतो, तेव्हा प्रत्येक वेळी ब्रश मारा. जॉब जबड्याच्या वर 3-4 मिमीपेक्षा जास्त काढू नका. कानस किंचाळायला लागली तर तेल शोधू नका, जॉब खाली घ्या. कानशीला खडू लावा. मूठ नसलेली कानस हातात धरू नका, मागचा टोकदार भाग तळहातात गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. जबड्याची उंची कोपराएवढी हवी. बारीक कामाला आणखी वर. आणि सपाट कमान (पट्टीची स्प्रिंग) लांबीच्या दिशेनेच घासा. आडवा ओरखडा राहिला की ती बरोब्बर तिथेच मोडते. सल्ला कुणी मागितला नाही, माहीत आहे.

1994 ते 2002 बरं गेलं. हुपरीचे चांदीच्या दागिन्यांचे डाय (ठसे) करणारे, शिलाई मशीनवाले, कुलूपवाले, सगळे गिऱ्हाईक झाले. ग्राइंडर घेतला.

आता 2003. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भागीदार शेडमध्ये आला आणि आमच्या छोट्या व्हाइसचे लाकडी पॅटर्न घेऊन गेला. चार नग. सागवानी, मी स्वतः सहा वेळा खरवडून सुधारलेले. म्हणाला, अर्धी भागीदारी माझी, म्हणजे अर्धे पॅटर्न माझे. मग दोनच न्यायचे होते ना? चारही नेले. कागदावर आमचं काहीच नव्हतं. पंधरा वर्षांच्या मैत्रीत कागद करायला लाज वाटली होती. (नवीन मुलांनो, लाज वाटू द्या, पण कागद करा.)

सहा महिन्यांत बाजारात आमचाच व्हाइस, आमचाच हिरवा रंग, किंमत आमच्या साठ टक्के. पॅटर्नवर आमची दोन अक्षरं कोरलेली होती, ती सुद्धा ओतीव मालावर उठून आलेली! त्याने ती काढायचीही तसदी घेतली नाही. आत मात्र चौकोनी आट्यांच्या जागी साधे व्ही आटे, कारण ते लेथवर पटकन निघतात. गिब पट्टी गायब, कारण पट्टीला मशीनिंग लागतं. फिरती जबडापट्टी होती, पण खिळी सैल. माझ्या व्हाइसचा आकार त्याने नेला होता. पकड त्याला कधी कळलीच नव्हती, कळली असती तर ‘खूळ’ म्हणाला नसता.

दुःख हे नाही. दुःख हे, की मोडके व्हाइस माझ्याकडे परत यायला लागले. “तुमची अक्षरं आहेत यावर.” कुणाकुणाला समजावणार? पहिले तीसेक मी फुकट बदलून दिले, तो मूर्खपणा होता. दुकानदारांनी माल थांबवला. फौंड्रीचे चार महिन्यांचे पैसे थकले. 2005 मध्ये ग्राइंडर विकला, आणि जबडे समांतर करायचं यंत्रच गेलं. मग मी आणि एक पोरगा, दोघं जण निळ लावून (उंच जागा कळायला) स्क्रेपरने खरवडून जबडे बसवायचो. दिवसाला एक जोडी. रात्री बायको विचारायची, आज किती? मी म्हणायचो, एक.

त्या वर्षी काका आले तेव्हा पिशवीत फर्मा नव्हता, एक नकली व्हाइस होता. कुणीतरी सावंतवाडीच्या बाजारात त्यांना आमचा म्हणून विकलेला. आमच्या शेडमधल्या लोकांसमोर त्यांनी तो टेबलावर ठेवला, स्क्रू पूर्ण बाहेर काढला आणि आट्यांवरून नख फिरवलं.

“ह्यो तुमचो नाय.”

आणि ते आले होते पाच खऱ्या व्हाइसची ऑर्डर द्यायला, त्यांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्यांसाठी, पैसे आगाऊ. पाच व्हाइसने कारखाना तरत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून मी परत आलेला प्रत्येक व्हाइस गिऱ्हाइकासमोर उघडायला लागलो. स्क्रू काढायचा, आटे दाखवायचे. बदलून द्यायचा नाही. दोन वर्षांत दुकानदारच स्क्रू काढून बघायला लागले. नवीन पॅटर्न केले, या वेळी अॅल्युमिनियमचे, आणि सुट्टीत ते घरी कपाटात. 2008 ला ग्राइंडर परत आला.

पुढची वर्षं काम चाललं. जीएसटी आला, लॉकडाऊन आला, सगळ्यांचं झालं तेच आमचं. काका 2018 पर्यंत यायचे. निवडणुकीत लोकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, परत आल्या की गंज घेऊन येतात, म्हणून निवडणुकीनंतर त्यांचं काम वाढायचं आणि आमच्याकडे फर्मे यायचे. एकतीस फर्मे भिंतीवर टांगलेत. मुलगी म्हणते कॅटलॉगमध्ये फोटो घालू. मी नको म्हटलं.

मागच्या महिन्यात भागीदाराचा मुलगा आला. वडील गेले, शेड त्याच्याकडे आहे, आणि त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाला एका व्हाइसच्या जबडापट्ट्या हव्यात, कुणी बनवून देत नाही. पट्टीची भोकं 2 मिमी बाहेर होती, आमच्या जिगवर (भोकांची जागा ठरवणाऱ्या साच्यावर) बसेनात. स्वतः हाताने मार्किंग करून, भोकं पाडून, पट्ट्या घासून दिल्या. गिब नसलेल्या व्हाइसला पट्टी कितीही चांगली लावली तरी जबडा उचलणारच, हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पैसे पूर्ण घेतले, बिल दिलं.