आईची अँजिओग्राफी आणि किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी

आईची अँजिओग्राफी, म्हणजे डाय सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढतात ती तपासणी, अर्ध्या-पाऊण तासात आटोपली. मनगटातून केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खानापूरला घरी होतो. पण त्याआधी एका चिठ्ठीपायी तेरा दिवस गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

आई ६८ वर्षांची, साखरेच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू. जिना चढला की छाती भरून यायची. बेळगावात सोमवारी रक्त घेतलं, बुधवारची तारीख मिळाली. बुधवारी आई उपाशीपोटी गाऊन घालून बसलेली, आणि सिस्टर येऊन म्हणाल्या, "मावशींचं क्रिएटिनिन जास्त आलंय, आज होणार नाही." क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी नीट गाळत नसली की तो वाढतो. आईचं १.६, हिमोग्लोबिन ९.४. रिपोर्टवर वेळ सोमवार संध्याकाळची होती. दोन दिवस तो कुणी उघडून बघितलाच नव्हता.

आता किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. ते बसतात मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारी आमचा नंबर ४१, ओपीडी ३० वर बंद झाली. मंगळवारी नंबर लागला, चिठ्ठी लिहून झाली, काउंटरवरच्या माणसानं ती माझ्यासमोर फायलीत घातली. बुधवारी हार्टच्या विभागात गेलो तर फायलीत चिठ्ठी नाही! काउंटरवर विचारलं, तर मान वर न करता उत्तर आलं, "नाळे बर्री," म्हणजे कानडीत उद्या या. गुरुवारी परत तेच. आई स्टीलच्या बाकावर, टोकन पदराच्या गाठीत बांधून, तासन् तास बसलेली. कुणी नाव पुकारलं की ती गाठ सोडायची, आपलं नाही म्हटल्यावर पुन्हा बांधायची. शुक्रवारी चिठ्ठी सापडली, आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या पेशंटच्या फायलीत. छातीत दुखणाऱ्या बाईला कागदासाठी इतकं थांबवायचं, हे मला पटलं नाही, पटणारही नाही. चिठ्ठी हातात आली की आधी मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स जवळ ठेवा. मी काढला असता तर तीन दिवस वाचले असते.

मात्र ते किडनीचे डॉक्टर भले माणूस. नुसत्या १.६ वर जाऊ नका म्हणाले. वय आणि बाई की पुरुष हे धरून किडनीची गाळण्याची ताकद काढतात, तिला ईजीएफआर म्हणतात. आईची ३५ च्या आसपास निघाली. त्याच १.६ वर तिशीतल्या गड्याची साठच्या थोडी खाली येते. आमच्या रिपोर्टवर हा आकडा नव्हताच, तुमच्यावर नसेल तर मागून घ्या. अँजिओग्राफीत जो डाय सोडतात तो किडनीवाटे बाहेर पडतो. किडनी आधीच थकलेली असेल तर ती आणखी बसू शकते, आणि तसं झालं की हृदयाचं काम नीट होऊनही पेशंटला पुढं त्रास होतो. हिमोग्लोबिनचंही तसंच. बायकांत १२ च्या खाली म्हणजे कमी. स्टेंट, म्हणजे अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घातला तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात, त्यात रक्तस्राव झाला तर कमी रक्तावर निभावणं अवघड. साखर, वय, रक्त, किडनी, डाय किती वापरणार, हे सगळं मांडून धोक्याचे गुण काढतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी विचारलं, "मावशी, दुखण्याच्या गोळ्या घेता काय?" आई गप्प. गुडघ्यासाठी दोन वर्षं मेडिकलमधून आणून घेत होती, मला पत्ता नव्हता. त्या गोळ्या किडनीवर बसतात, त्यांनी पोटात रक्तही जाऊ शकतं. त्याच दिवशी बंद केल्या. पुढच्या सोमवारी क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ४५. मंगळवारी सलाईन लावून, डाय कमीत कमी वापरून काम झालं.

खानापूरहून निघण्याआधीच जवळच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन करून घ्या, जुने रिपोर्टही बरोबर न्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, गुडघ्याचीसुद्धा. साखरेची मेटफॉर्मिन आईची अँजिओग्राफीच्या दिवसापासून बंद ठेवली होती, तुमची काय करायची ते डॉक्टरांना विचारा, मनानं थांबवू नका.

घरी आल्यावर पुन्हा रक्त तपासायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर अगदी खाली बारीक अक्षरात होतं. डायनं किडनी दुखावली तर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत वर चढतं, ती तपासणी चुकवू नका. आईचं तिसऱ्या दिवशी १.४ आलं, आठव्या दिवशी परत १.३.